वजन आपण उचलू, पारख त्यांच्याकडे राहू दे

आपल्या घरांत साठी ओलांडलेल्या कष्टकरी माणसाशी होणारं बोलणं दोन वाक्यांत संपतं. मुलगा म्हणतो, "अब्बा, आता बस करा, खूप केलंत." अब्बा म्हणतात, "अजून हातपाय चालतात माझे." दोघांच्याही बोलण्यात माया असते. पण काम होतं तसंच राहतं. तेच वजन, तीच शिडी, तीच उकिडवं बसून तासन्‌तास करायची घासाघीस. मग एके दिवशी कंबर धरते किंवा ओल्या फळीवरून पाय सरकतो, आणि वाद आपोआप मिटतो. अब्बा घरी बसतात आणि त्यांच्याबरोबर चाळीस वर्षांचं ज्ञानही घरी बसतं.

माझं म्हणणं साधं आहे. वयानुसार शरीर बदलतं, म्हणून कामाची पद्धतही बदलायला हवी. हा बदल घडवून आणणं ही घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांची जबाबदारी आहे. हे मी होडीच्या देखभालीच्या उदाहरणावरून सांगणार आहे.

कवठे महांकाळचा माणूस होडीबद्दल काय सांगणार, असं कुणी विचारेल. आमचा तालुका दुष्काळी. इथे लहानपणी आम्ही पाहिलं ते टँकरचं पाणी, आणि नंतर म्हैसाळ योजनेतून उपसून आणलेलं कृष्णेचं पाणी. पण आमच्या गावाजवळून जाणाऱ्या हमरस्त्याचं जुनं नाव मिऱ्या-नागपूर महामार्ग. तोच रस्ता धरून पश्चिमेला मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरलं की रत्नागिरी येते. जिथून या रस्त्याला नाव मिळालं त्या मिऱ्याच्या शेजारीच मिरकरवाडा बंदर आहे. तिथली वस्ती बहुतांशी मुस्लिम मच्छीमारांची. माझा कॉलेजमधला एक जवळचा मित्र तिथलाच. तो इंजिनिअर होऊन आखातात गेला. त्याचे वडील, ज्यांना मी चाचा म्हणतो, आज चौसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांची तीस फुटी बोट अजून समुद्रात जाते. मी घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे गेल्या काही वर्षांत पावसाळ्याच्या तोंडावर लॅपटॉप घेऊन आठवडाभर त्यांच्याकडे राहणं मला जमलं. पुढचं बरंचसं मी तिथे पाहिलं आहे, थोडं केलंही आहे.

कोकणातल्या मुसलमानांचं समुद्राशी नातं किती जुनं आहे हे शब्दांतूनच कळतं. बोटीचा मालक तो नाखवा, हा शब्द फारसी नाखुदावरून आला. खलाशी अरबीतून आला, बंदर आणि दर्या फारसीतून. हे शब्द आज कोळी, भंडारी, गाबित, मुसलमान सगळेच वापरतात आणि ते कुणाला परके वाटत नाहीत. १८८० च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरमध्ये मासेमारी करणाऱ्या मुसलमानांची दालदी या नावाने नोंद आहे. म्हणजे हा काही कालपरवा हाती घेतलेला धंदा नाही. त्यातलं कसब बापाकडून मुलाकडे आलं आहे, आणि ते पुढे जाणार की नाही हा प्रश्न आता उभा आहे.

समुद्रावर जाणं हा या धंद्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे देखभाल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, टेकू लावून उभ्या करायच्या, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारायच्या. बुडाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचं. लाकडी बोट असेल तर फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस आणि राळ काढून नवी ठासायची. फायबरची असेल तर तडे घासून, काचेचं कापड आणि रेझिन लावून बुजवायचे. मग रंग. पाण्याखालच्या भागाला वेगळा, शिंपले धरू न देणारा रंग. इंजिन उतरवायचं, पंखा आणि त्याचा दांडा तपासायचा, सुकाणू बघायचं. यातलं एकही काम टाळता येत नाही. बुड घाण राहिलं की बोट जड चालते आणि डिझेल जास्त लागतं. सांधा कच्चा राहिला तर काय होतं ते सांगायला नको.

हे काम म्हाताऱ्यांच्या अंगावर का पडतं, हेही समजून घेऊ. मिरकरवाड्याच्या मोठ्या बोटींवर आज बरेचसे खलाशी नेपाळहून आणि परराज्यांतून येतात. बंदी लागली की ते गावी जातात. घरातली तरुण मुलं आखातात, मुंबईत किंवा पुण्यात असतात. मोठा मालक पैसे टाकून कारागीर लावतो. छोट्या मालकाला ते परवडत नाही, कारण बंदीच्या काळात कमाई शून्य आणि कर्जाचे हप्ते चालू असतात. म्हणजे वर्षातलं शारीरिकदृष्ट्या सर्वात अवघड काम नेमकं अशा महिन्यांत येतं, जेव्हा हाताशी माणूस नसतो. मे महिन्याचं ऊन किंवा जूनचा पाऊस, आणि बोटीखाली उकिडवा बसलेला साठीतला माणूस, असं ते चित्र आहे.

शरीराचं काय होतं ते नीट पाहू. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर वस्तुमानापेक्षाही लवकर कमी होते. चाळिशीत जवळचं अंधुक दिसू लागतं. तोल सावरायला क्षणभर जास्त लागतो. तहान कमी जाणवते, त्यामुळे उन्हात काम करणारा म्हातारा माणूस गरज असूनही पाणी पीत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, म्हणजे उन्हाचा त्रास आणखी वाढतो.

साखरेचा आजार असेल तर आणखी एक धोका असतो, ज्याबद्दल किनाऱ्यावर फारसं बोललं जात नाही. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. खरवडून पडलेले शिंपले ब्लेडसारखे धारदार असतात. अनवाणी फिरणाऱ्या माणसाला पाय कापल्याचं कळतच नाही, आणि जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. पुढे बोट किंवा पाऊल गमवायची पाळी येते. यावर उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे. जाड तळव्याचे गमबूट घालायचे, रोज रात्री पायांचे तळवे बघायचे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं.

आता वजनाकडे येऊ. इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा बोलेल. अमेरिकेत निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. हाताने वजन उचलण्याचं तिचं एक सूत्र जगभर वापरलं जातं. त्यानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे वजन कमरेच्या उंचीवर, शरीराला लागून, वळायची गरज नाही, धरायला चांगली मूठ आहे, तरी मर्यादा २३ किलोची. आणि वजन शरीरापासून दूर गेलं की ही मर्यादा झपाट्याने उतरते. २५ सेंटीमीटरवर २३ किलो असेल, तर ५० सेंटीमीटरवर ती निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलायचं असेल, कंबरेतून वळायचं असेल तर आणखी कमी. बोटीच्या पोटात वाकून, हात लांब करून, इंजिनाचा एखादा पंधरा-वीस किलोचा भाग बाहेर काढणारा माणूस ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेला असतो. तो पंचवीस वर्षांचा असला तरीही. तरुणपणी शरीर हे झाकून नेतं, म्हातारपणी त्याचा हिशेब लागतो. म्हणून हा विषय फक्त म्हाताऱ्यांचा मानू नका. आज बोटीवर असलेल्या विशीतल्या पोराचा मणका आत्ताच झिजतो आहे.

बोट ओढण्याचंही तसंच. इंजिनासकट पाच टनांची बोट दहात एक चढावाच्या उतारावरून वर घ्यायची, तर नुसत्या चढासाठीच साधारण ५०० किलोची ओढ लागते. वाळूचं आणि ओंडक्यांचं घर्षण वेगळं. पूर्वी त्यासाठी तीस-चाळीस माणसं दोराला लागत. ती माणसं आता किनाऱ्यावर नाहीत, पण पद्धत मात्र तीच राहिली आहे. जिथे क्रेन किंवा ट्रॉली मिळते तिथे प्रश्न सुटतो. जिथे मिळत नाही तिथे आठ-दहा जण जीव काढतात, आणि त्यांतले चार साठीच्या पुढचे असतात.

याउलट काय उतरत नाही, तेही पाहिलं पाहिजे. चाचा हातात छोटी लाकडी हातोडी घेऊन बोटीच्या कडेने चालतात आणि वीतभर अंतरावर टकटक करत जातात. खणखणीत आवाज आला की पुढे सरकतात. आवाज बद्द आला की थांबतात आणि खडूने गोल काढतात. आत फायबरचे थर सुटले आहेत किंवा लाकूड कुजलं आहे, असा त्याचा अर्थ. मी त्यांच्या मागे मागे तशीच हातोडी मारत गेलो. त्यांनी अकरा गोल काढले, मला त्यांतले चार ऐकू आले. मी विचारलं, "चाचा, हे कसं कळतं?" ते म्हणाले, "बेटा, कान दे. बोट बोलते." माझ्या धंद्यात आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो ते अशा यंत्रणेला, जिचं मर्म एकाच माणसाला ठाऊक आहे आणि कुठेही लिहून ठेवलेलं नाही. तो माणूस रजेवर गेला की कंपनीचे धाबे दणाणतात. कोकणच्या किनाऱ्यावर अशी माणसं दर वर्षी कायमच्या रजेवर जात आहेत.

म्हणूनच "अब्बा, आता बस करा" हे मला अपुरं वाटतं. अंगमेहनत आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वयाबरोबर कमी होते, दुसरी पुष्कळदा वाढते. आपण दोन्हींना एकत्र बांधून एकदमच घरी पाठवतो.

चाचांच्या अंगणात गेल्या तीन मोसमांत काही गोष्टी बदलल्या. त्यांत एकही थोर शोध नाही. बोट टेकूंवर चढवताना ती दीड-दोन फूट जास्त उंच घेतली, म्हणजे बुडाचं बरंच काम उकिडवं न बसता, स्टुलावर बसून होतं. टेकूंची संख्या वाढवली, आणि एकट्याने बोटीखाली जायचं नाही असा नियम घातला. खरवडणीला चार फुटांचा दांडा लावला. मूठ जाड करायला तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. संधिवाताच्या बोटांना बारीक मूठ आवळणं फार जड जातं. इंजिन उचलायला तीन पायांचं लोखंडी तिकाटणं आणि एक टनाची चेन पुली आणली. ती एकटा माणूस ओढू शकतो. हलत्या शिडीऐवजी मचाण बांधलं. डोक्यावर सावली केली. घासताना उडणाऱ्या धूळीसाठी तोंडावर रुमालाऐवजी एन-९५ मास्क आला, कारण फायबरची आणि जुन्या रंगाची बारीक धूळ रुमालातून सरळ आत जाते. त्या रंगांत तांब्याची संयुगं असतात. रेझिनच्या वाफेला मात्र हा मास्क चालत नाही. तिथे वाफ शोषणारी डबी लावलेला मास्कच हवा, आणि काम उघड्या हवेतच करायचं.

सगळ्यात मोठा बदल वेळापत्रकाचा झाला. पूर्वी बोट ओढली की आठ-दहा दिवसांत सगळं उरकायची घाई असायची. पण बंदी तर एकसष्ट दिवसांची आहे. कामाची यादी कागदावर मांडली, जड काम आणि हलकं काम एकाआड एक ठेवलं. सकाळी सात ते साडेदहा, मग थेट चार ते सहा. पाऊण तास काम, दहा मिनिटं विश्रांती, आणि विश्रांतीत तहान असो नसो एक पेला पाणी. ज्या कामाला जास्त माणसं लागतात त्याचा दिवस आधी ठरवून शेजारच्या चार घरांना सांगायचं, आणि त्यांच्या बोटीच्या दिवशी आपण जायचं. हे शेवटचं काही नवीन नाही. आमच्याकडे शेतात याला सावड म्हणतात.

यावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. तिन्ही मनापासूनचे आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिला खर्चाचा. तिकाटणं, चेन पुली, मचाण हे सगळं एकट्याला महाग आहे, हे खरं. पण चेन पुली एका बोटीला वर्षात दोन दिवस लागते. वीस घरांत एक संच पुरतो. मोहल्ल्याची जमात लग्नासाठी मोठी भांडी, सतरंज्या आणि मंडप ठेवते की नाही? त्याच खोलीत चेन पुली, दोर, टेकू आणि मास्कची पेटी ठेवायला काय हरकत आहे? कुणी काय नेलं याची एक वही ठेवायची, झालं.

दुसरा आक्षेप इज्जतीचा. आमचे बापजादे हाताने ओढत होते, आम्ही यंत्र लावलं तर लोक काय म्हणतील? याचं उत्तर मला माझ्या तालुक्यात सापडतं. आमच्याकडे द्राक्षबागेत एकेकाळी सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन औषध मारत. भरलेला पंप म्हणजे पाठीवर सोळा किलोंहून जास्त, तेही दिवसभर. आज ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. विहिरीतली मोटर काढायला पूर्वी अर्धी गल्ली जमा व्हायची, आज कप्पी बसवलेली गाडी येते. यामुळे एकाही बागायतदाराची इज्जत गेलेली मी पाहिली नाही. उलट सत्तरीतला शेतकरी बांधावर खुर्ची टाकून बसतो, पान उलटून बघतो आणि करपा आला की नाही ते सांगतो. त्याचं ऐकूनच औषध मारलं जातं.

तिसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. बोट विकून टाका ना, एवढा आटापिटा कशाला? ज्याला विकायची आहे त्याने खुशाल विकावी. पण छोट्या मालकासाठी बोट म्हणजे त्याची पेन्शन. ती विकून आलेले पैसे कर्जफेडीत जातात, आणि उरलेलं आयुष्य मुलाच्या पगाराकडे बघत काढावं लागतं. शिवाय कंबर मोडून घरी बसलेल्या माणसाचा भार शेवटी घरातल्या बाईवर, बायकोवर आणि सुनेवर पडतो, हे आपण विसरतो. अंगणात केलेली थोडी काळजी त्यांचीही काही वर्षं वाचवते.

घरापुरतं एवढं झालं. पण काही गोष्टी घराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, आणि तिथे नागरिक म्हणून बोलावं लागेल. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत बंदरांच्या आधुनिकीकरणासाठी तरतूद आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. मग शेतकऱ्याला जसं अवजारांसाठी अनुदान मिळतं, तसं मच्छीमारांच्या सोसायटीला बोट ओढायच्या विंचसाठी का मागू नये? बंदराच्या आराखड्यात जेट्टी आणि लिलावाचं शेड असतं. त्याबरोबर बोट वर घेण्याचा काँक्रीटचा उतार, विंच, सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मागा. स्वच्छतागृह ही किरकोळ मागणी नाही. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस दिवसभर पाणी टाळतो, कारण जायला जागा नसते, आणि मग उन्हात चक्कर येऊन पडतो. जपानमध्ये मच्छीमारांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग ६५ वर्षांवरचा आहे. तरीही तिथली छोटी बंदरं चालतात, याचं एक कारण अशा सोयी आहेत.

पेन्शनचंही बोलू. २०१९ पासून असंघटित कामगारांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. महिना १५ हजारांपर्यंत कमाई असलेल्याला त्यात येता येतं. अठराव्या वर्षी शिरलं तर महिना ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. तीन हजारांत घर चालत नाही, पण औषधं येतात. यातली अडचण प्रवेशाच्या वयाची आहे. तो १८ ते ४० याच वयात मिळतो. म्हणजे गुडघे दुखायला लागल्यावर या योजनेची आठवण होऊन उपयोग नाही. ई-श्रमची नोंदणीही ५९ वर्षांपर्यंतच होते. तेव्हा चाचांसाठी उशीर झाला असेल, पण त्यांच्या बोटीवरच्या बावीस वर्षांच्या पोराचा फॉर्म आजच भरता येतो. लॅपटॉपवर बसणाऱ्या आपल्यासारख्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

हे सगळं समुद्रकिनाऱ्याचंच आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं सांगली-साताऱ्याच्या वाचकाला वाटू शकतं. ऑगस्ट २०१९ आठवा. आमच्या जिल्ह्याचा पूर्व भाग पावसाची वाट बघत होता आणि पश्चिम भाग कृष्णेच्या पुरात बुडाला होता. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा मी इथे करत नाही. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की नदीकाठच्या गावाला बोट लागतेच, आणि ती कधी लागेल हे सांगता येत नाही. वर्षभर उन्हात पडून राहिलेली फायबरची बोट, सुकलेली रबरी नळी, न फिरवलेलं इंजिन हे पुराच्या रात्री दगा देतं. अशा बोटीला दर मे महिन्यात कुणीतरी टकटक करून बघायला हवं. ते ज्याला कळतं असा जुना नावाडी किंवा मिस्त्री गावात असेल, तर तो साठीच्या पुढचाच असणार. त्याला मानधन द्या, सोबत दोन पोरं द्या. बोट पोरं उलटी करतील, आवाज तो ऐकेल.

शेवटी तुमच्याशी, म्हणजे माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांशी. तुमच्या घरात बोट नसेल. कुणाचे वडील मोटारी भरत असतील, कुणाचे वेल्डिंग करत असतील, कुणाचे काका मिरजेत तंतुवाद्यं घडवत असतील. काम कुठलंही असो, येत्या सुट्टीत एक दिवस त्यांच्या शेजारी बसा आणि नुसतं बघा. किती वेळा वाकतात, किती वजन शरीरापासून किती लांब धरून उचलतात, कुठे पाय अडखळतो, कुठे चष्मा पुसतात, ते लिहून काढा. मग त्यांना विचारा, "यातलं सगळ्यात जास्त काय दुखतं?" पहिल्यांदा "काही नाही" असंच उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी बदला. स्टुलाची उंची आणि दिव्याची जागा, एवढ्यापासून सुरुवात होते.

दुसरं काम फोनचं. त्यांना जे ऐकून, हात फिरवून कळतं ते रेकॉर्ड करा. चांगल्या फळीचा आवाज, कुजलेल्या फळीचा आवाज, इंजिन नीट चालतानाचा आणि बिघडण्याआधीचा आवाज, आणि त्यावर त्यांच्याच शब्दांत दोन वाक्यं. चाचांच्या अशा छत्तीस क्लिप आम्ही केल्या आहेत. माझा मित्र सुट्टीवर आला की त्या ऐकतो आणि मग हातोडी घेऊन बोटीभोवती फिरतो. मागच्या खेपेला त्याने चाचांच्या अकरापैकी आठ गोल बरोबर काढले. उरलेले तीन चाचांनी त्याचा हात धरून दाखवले. ते त्या वेळी मचाणाखाली सावलीत, स्टुलावर बसले होते. खरवडणी मोहल्ल्यातल्या दोन पोरांच्या हातात होती.